नाण्यावरचं चित्र कुणाचं?

१९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा या गावी जुन्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. नाणी सुमारे १६००. त्यात सोनं नव्हतं, चांदी नव्हती. तांबं, कथील आणि शिसं एकत्र वितळवून केलेला काळपट धातू, ज्याला नाण्यांचे अभ्यासक पोटीन म्हणतात. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि त्याच्याभोवती ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या बाजूला अधिकाच्या खुणेसारखं एक चिन्ह आणि त्याच्या चारही टोकांना एकेक गोल. नागपूरचे थोर संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी ही अक्षरं वाचली आणि दुसऱ्या वर्षी त्यावर लेख प्रसिद्ध केला. नाणी सातवाहन राजांची होती. त्यात गौतमीपुत्र सातकर्णी होता, पुळुमावी होता, यज्ञ सातकर्णी होता. पण त्याशिवाय कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशीही नावं निघाली. पुराणांमध्ये सातवाहन राजांच्या याद्या आहेत, त्यांत ही नावं नाहीत. म्हणजे हे राजे होऊन गेले, त्यांनी राज्य केलं, आणि मग जग त्यांना पार विसरलं. सतराशे वर्षांनी वऱ्हाडच्या मातीतून निघालेल्या हलक्या धातूच्या चकत्यांनी त्यांची नावं परत दिली.

तऱ्हाळा आज वाशीम जिल्ह्यात आहे. ज्या तालुक्याच्या नावातच पीर आहे, त्या तालुक्याच्या पोटात सातवाहनांचा हत्ती पुरलेला होता, ही गोष्ट मला पहिल्यापासून फार आवडते. आपला वऱ्हाड असाच आहे. इथे एका गावाच्या नावात, एका शेतात, एका डब्यात दोन-तीन काळ एकत्र नांदतात.

मी धामणगाव रेल्वेला उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास हा काही माझा विषय नव्हे. बी.एड.ला असताना शैक्षणिक साहित्य म्हणून काही जुनी नाणी जमवली होती, तो नाद तेवढा राहिला. माझ्याकडे मोलाचं काही नाही. थोडी पोटीनची नाणी, थोडी बहमनी तांब्याची, काही गधैया, आणि बाकी सगळे ठसे. म्हणजे दुसऱ्यांच्या नाण्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेले. एकदा हत्तीचा असाच एक ठसा मी आठवीच्या उर्दूच्या वर्गात फिरवला. एका मुलीने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सर, ये अपना है के उनका?"

तिने ते भोळेपणाने विचारलं होतं. पण हा प्रश्न आज फक्त आठवीच्या वर्गात नाही. तो मोबाईलवर आहे, पारावर आहे, मशिदीबाहेरच्या चहाच्या टपरीवर आहे. हत्ती, नंदी, लक्ष्मी असलेलं नाणं "त्यांचं" आणि कलिमा असलेलं नाणं "आपलं", अशी वाटणी आपण सगळ्यांनी मनात करून टाकलेली आहे. नाणी मात्र ही वाटणी मान्य करत नाहीत. ती तशी चाललीच नव्हती. कशी चालली, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट ही की जुन्या काळी राज्य कितीही मोठं असलं तरी नाणं प्रांताचं असायचं. सातवाहनांचंच पाहा. विदर्भात त्यांनी हत्तीचं पोटीन चालवलं. आंध्रच्या किनाऱ्यावर त्यांच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, कारण तिथला माणूस समुद्रावर जगत होता. पश्चिमेकडे, जिथे चांदीची सवय होती, तिथे त्यांनी राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी पाडली. या चांदीच्या नाण्यांवर दोन भाषा आहेत: एका बाजूला प्राकृत, दुसऱ्या बाजूला तमिळशी जवळची द्राविडी वळणाची भाषा. दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हे नाणं जवळचं का वाटतं, हे वेगळं सांगायला नको. राजा एक, पण प्रांताप्रांताला त्याने त्या प्रांताच्या ओळखीचं चित्र आणि त्या प्रांताला वाचता येईल अशी भाषा दिली.

हीच रीत त्या काळी रोमच्या साम्राज्यातही होती. रोम शहरात पडणारं नाणं लॅटिनमध्ये असायचं. पण पूर्वेच्या प्रांतांमध्ये शेकडो शहरं आपापली तांब्या-पितळेची नाणी पाडत. पुढच्या बाजूला रोमच्या बादशहाचं डोकं, मागच्या बाजूला त्या गावाची स्वतःची कथा, आणि अक्षरं ग्रीक. इफेसस शहर आपल्या आर्टेमिस देवीला नाण्यावर आणायचं. अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर हेराक्लिसचे पराक्रम आहेत. आणि फ्रिजिया प्रांतातल्या अपामिया नावाच्या गावाने काय आणलं? हजरत नूह अलैहिस्सलाम यांची नौका. पाण्यावर तरंगणारी एक चौकोनी पेटी, तिच्यात दोन माणसं, पेटीवर एक पक्षी बसलेला, दुसरा पक्षी चोचीत की पायात फांदी धरून उडत येणारा. बाजूला तीच दोन माणसं पाण्यातून बाहेर आलेली, हात वर करून उभी. आणि पेटीवर ग्रीक लिपीत तीन अक्षरं: नोए, म्हणजे नूह. ही नाणी सेप्टिमियस सेव्हेरस या बादशहाच्या काळापासून, म्हणजे सन २०० च्या आगेमागे, पुढे फिलिपच्या काळातही निघत राहिली. हा फिलिप मूळचा सीरियातला, इतिहासात तो 'अरब फिलिप' म्हणूनच ओळखला जातो.

अपामियाचं टोपणनाव किबोतोस होतं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पेटी. ग्रीक बायबलात नूहच्या नौकेलाही हाच शब्द आहे. त्या गावात यहुदी राहत होते, त्यांची कथा आणि गावाचं नाव असं एकमेकांत बसलं. त्या वेळचं रोम ना यहुदी होतं ना ख्रिस्ती. अनेक देवांना मानणाऱ्या बादशहाच्या डोक्यामागे एका नबीचा किस्सा छापला गेला, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. गंमत म्हणजे ते गाव आज तुर्कस्तानात आहे आणि त्याचं आजचं नाव आहे दिनार.

आता परत आपल्याकडे येऊ. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला, १३,००० हून जास्त. नाणी क्षहरात घराण्याच्या नहपान या शक राजाची. एका बाजूला नहपानचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. एका नाण्यावर तीन लिप्या! गौतमीपुत्र सातकर्णीने या घराण्याचा पराभव केला. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या नावाचा लेख आहे. त्यात त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला असं लिहिलेलं आहे, आणि त्याच्या मुलखांच्या यादीत आपला विदर्भही आहे. एवढा मोठा वैरी. पण त्याच्या नाण्यांचं सातकर्णीने काय केलं? ती वितळवली नाहीत. त्याच नाण्यांवर आपले ठसे मारले आणि बाजारात परत सोडली. जोगळटेंभीतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर असे ठसे आहेत. कितीतरी नाण्यांवर नहपानचं नाक, त्याचा गाल, सातकर्णीच्या ठशाखालून अजून दिसतो. रणात ज्याचा वंश संपवला, त्याचा चेहरा खिशात चालला. कारण त्या चांदीवर लोकांचा भरवसा बसलेला होता.

याहून जवळचं उदाहरण आपल्या अमरावती जिल्ह्यातलं. धामोरी या गावी कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची नाणी सापडली आहेत. हा सहाव्या शतकातला राजा. नाणं अगदी लहान, बोटाच्या नखाएवढं. एका बाजूला राजाचा चेहरा. दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती राजा परममाहेश्वर, म्हणजे महादेवाचा परमभक्त असल्याचा लेख. बघणाऱ्याला वाटतं, हे किती शुद्ध देशी नाणं. पण त्याची वंशावळ काढा. चेहरा असलेलं हे लहान चांदीचं नाणं भारतात आणलं ग्रीक राजांनी. त्यांच्याकडून ते शक क्षत्रपांनी घेतलं. क्षत्रपांना जिंकल्यावर दुसऱ्या चंद्रगुप्ताने चेहरा तसाच ठेवला आणि मागच्या चैत्याच्या जागी गरुड बसवला. स्कंदगुप्ताने काही नाण्यांवर नंदी आणला. तो नंदी कृष्णराजाने घेतला. ग्रीक, शक, गुप्त, कलचुरी. भाषा वेगळी, दैवत वेगळं, वैर खरं, आणि नाणं मात्र एकाच घरातलं वाटावं असं.

कृष्णराजाचं घराणंही पुढे हरलं. चालुक्यांनी त्यांना हटवलं. तरी नाशिकजवळच्या अंजनेरीला सापडलेल्या ताम्रपटात, म्हणजे इसवी सन ७१० च्या सुमारास, दंडाची आणि कराची रक्कम 'कृष्णराज रूपकां'त सांगितली आहे. राजा जाऊन सव्वाशे-दीडशे वर्षं झाली होती, राज्य दुसऱ्याचं होतं, आणि हिशेब अजून त्याच्याच नंदीत चालू होता.

कधी कधी तर चित्राचा अर्थही लोक विसरतात आणि नाणं चालतच राहतं. माझ्याकडे जी गधैया नाणी आहेत ती अशीच. इराणच्या सासानी बादशहांच्या नाण्यावर एका बाजूला बादशहाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला पेटती अग्निवेदी असायची. हूणांबरोबर हे नाणं इकडे आलं आणि गुजरात, राजस्थान, माळवा, महाराष्ट्रात कित्येक पिढ्या त्याच्या नकला पडत राहिल्या. नकलेची नक्कल होता होता चेहरा पार मोडला, अग्निवेदी म्हणजे नुसते ठिपके आणि रेघा उरल्या. लोकांना त्यात गाढवाचं तोंड दिसू लागलं. मग शापाने गाढव झालेल्या गंधर्वसेन राजाची, विक्रमादित्याच्या बापाची कथा त्याला चिकटली. कथेवरून चित्र काढतात हे आपल्याला माहीत असतं. इथे झिजलेल्या चित्रालाच कथा येऊन मिळाली.

ही अग्निवेदी आठवणीत ठेवा, कारण आता तिचीच गोष्ट पुढे मदिना-दमास्कसकडे जाते.

आपल्यातले काही जण मला विचारतात, "मास्तर, तसविरी असलेली नाणी घरात कशी ठेवता?" मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त इतिहास सांगतो. कुरआन शरीफमध्ये दिनार आणि दिरहम हे दोन्ही शब्द आहेत. हे दिनार म्हणजे रोमच्या कैसराचे, सोन्याचे, ज्यांच्यावर कैसराचा चेहरा आणि सलीब असायचा. दिरहम म्हणजे इराणच्या किसराचे, चांदीचे, ज्यांच्यावर किसराचा चेहरा आणि अग्निवेदी असायची. अरबांची स्वतःची टांकसाळ नव्हती. मक्का-मदिन्याचा व्यापार याच नाण्यांवर चालला. जकातीचा निसाब २० दिनार सोनं, २०० दिरहम चांदी असा याच नाण्यांच्या मापात ठरला. इराण जिंकल्यावर मुसलमान सुभेदारांनी किसराचा चेहरा आणि अग्निवेदी असलेलेच दिरहम पाडणं चालू ठेवलं; फक्त कडेला अरबीत 'बिस्मिल्लाह' जोडलं. हे अनेक दशकं चाललं. खलिफा अब्दुल मलिक यांनी हिजरी ७७ मध्ये, म्हणजे ६९६-९७ साली, चित्र पूर्ण काढून फक्त अक्षरांचा दिनार काढला, आणि हिजरी ७९ मध्ये दिरहमही तसाच झाला. नाणं बदलायला त्यांनी घाई केली नाही. लोकांचा भरवसा तुटणार नाही अशा बेताने बदललं.

एवढं समजल्यावर मग महमूद गझनवीचं लाहोरचं नाणं पाहून आपण दचकत नाही. हिजरी ४१८ आणि ४१९ ची, म्हणजे १०२७-२८ ची ही चांदीची नाणी. एका बाजूला अरबी कलिमा. दुसऱ्या बाजूला शारदा लिपीत संस्कृत: 'अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद'. कलिम्याचा संस्कृत तर्जुमा! आलिम मंडळी 'अवतार' या शब्दावर नक्की हरकत घेतील, आणि ती हरकत योग्यच आहे. रसूल म्हणजे अवतार नव्हे. पण मी भाषांतर शिकवतो, मला त्या अनामिक पंडिताची अडचण दिसते. 'ला इलाह'साठी त्याने 'अव्यक्त' आणि 'एक' असे शब्द शोधले, ते किती नेमके आहेत. 'रसूल'साठी त्याच्या भाषेत शब्दच नव्हता. जो जवळचा वाटला तो त्याने घेतला. गझनीच्या सुलतानाला पंजाबातल्या रयतेशी तिच्या भाषेत बोलावं लागलं, ही यातली मोठी गोष्ट.

मग येतो मुहम्मद घोरी. मुहम्मद बिन साम. ११९४ साली त्याने कनौजच्या जयचंद्राला हरवलं. त्या भागात आधी गाहडवाल राजांची सोन्याची नाणी चालायची, त्यांच्यावर मांडी घालून बसलेली चतुर्भुज लक्ष्मी. ही लक्ष्मीही गाहडवालांची मूळची नव्हती. ती त्यांनी जबलपूरजवळच्या त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव याच्या नाण्यावरून उचललेली. घोरीने तीच लक्ष्मी ठेवली. दुसऱ्या बाजूला नागरीत लिहिलं: 'श्री महमद बिनि साम'. ज्या सुलतानाच्या गझनीच्या नाण्यांवर अरबी कलिमा आहे, त्याच्याच हिंदुस्थानातल्या नाण्यावर लक्ष्मी आहे. दिल्लीत त्याने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी घोडेस्वार आणि नंदीच्या जुन्या नाण्यांची परंपराही चालवली, नागरी 'श्री हमीर' या अक्षरांसह. बल्बनच्या लहान नाण्यांवरसुद्धा कडेने नागरीत सुलतानाचं नाव आहे.

इथे मला दोन्हीकडच्या मित्रांना एक सांगायचं आहे. काही जण घोरीचं लक्ष्मीचं नाणं फिरवतात आणि म्हणतात, "बघा, सुलतान किती उदार होता!" दुसरे म्हणतात, "हे नाणं खोटंच असणार, घोरी आणि लक्ष्मी?" दोघेही नाण्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतात. नाणं खरं आहे. पण ते उदारपणाचं प्रमाणपत्र नाही. घोरीने लढाया केल्या, त्या लढायांत माणसं मेली, देवळं पडली, तो इतिहास या लक्ष्मीने पुसला जात नाही. आणि सातकर्णीने नहपानचा चेहरा चालवला म्हणून क्षहरातांवर दया केली असंही होत नाही. नाणं एवढंच सांगतं की राजाला रयतेची गरज होती. तलवारीने किल्ला घेता येतो, बाजार घेता येत नाही. कनौजच्या सराफाने, शेतकऱ्याने, कापडवाल्याने ज्या चित्रावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला, ते चित्र जिंकणाऱ्यालाही मान्य करावं लागलं. म्हणून नाण्यावरचं चित्र राजाचं कमी आणि रयतेचं जास्त असतं.

अकबराचं रामसीय नाणं मात्र थोडं वेगळं. इलाही सन ५०, म्हणजे १६०४-०५. धनुष्यबाण घेतलेले राम, मागे सीता, आणि वर नागरीत 'रामसिय'. सोन्याची अर्धी मोहर आणि चांदीचा अर्धा रुपया, दोन्हींत हे चित्र आहे. आज जगात अशी अगदी मोजकी नाणी शिल्लक आहेत. अकबराला बाजाराची सक्ती नव्हती. त्याचा रुपया सगळीकडे चालत होता आणि त्यावर फारसी अक्षरंच होती. हे नाणं त्याने आपल्या मर्जीने, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत काढलं. कुणी त्याला राजकारण म्हणेल, कुणी श्रद्धा. मी एवढंच म्हणेन की घोरीचं नाणं गरजेतून आलं आणि अकबराचं इच्छेतून, आणि हा फरक मुलांना शिकवला पाहिजे. सगळं एका पोत्यात भरू नये.

दक्षिणेत हैदर अलीने बेदनूर घेतल्यावर तिथल्या होनावरचे शिव-पार्वती तसेच ठेवले, मागे फक्त आपल्या नावाचं अरबी पहिलं अक्षर 'हे' घातलं. ईस्ट इंडिया कंपनीनेही मद्रासेत विष्णूची मूर्ती असलेले होन पाडले. व्यापारी कंपनी ती. तिला विष्णूशी काय देणंघेणं! पण मद्रासचा बाजार तेच नाणं घेत होता.

आणि नेमकं इथेच आजच्या लोकांना फसवलं जातं. राम दरबार किंवा हनुमान असलेली, 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १६१६, १८१८ अशी सालं छापलेली नाणी तुम्ही पाहिली असतील. "लाखो रुपये किंमत" म्हणून मोबाईलवर त्यांची चित्रं फिरतात, यात्रेत ती विकली जातात. कंपनीने अशी आण्याची नाणी कधीच पाडली नाहीत. १६१६ साली तर कंपनी हिंदुस्थानात जेमतेम वखारीपुरती होती. हे अलीकडे बनवलेले टोकन आहेत. भाविकाने देवघरात ठेवले तर हरकत नाही, पण त्यात कुणी पोरीच्या लग्नाचे पैसे घालू नयेत. आमच्याकडे अशा घटना ऐकल्या आहेत. फसणाऱ्यांत हिंदूही होते, मुसलमानही. लालसेच्या बाबतीत आपल्यात पूर्ण एकी आहे.

जमवण्याबद्दलही थोडं. नवीन मुलांना मी तीन गोष्टी सांगतो. पहिली, जुनं नाणं चिंचेने, राखेने, लिंबाने घासायचं नाही. पोटीन आणि तांब्यावरचा तो हिरवा-काळा थर शतकांनी चढलेला असतो. तो घासला की अक्षरंही जातात. दुसरी, किमतीपेक्षा ठसा, वजन आणि गाव वहीत लिहायचं. कुठे सापडलं हे माहीत नसलेलं नाणं म्हणजे पत्ता फाटलेलं पत्र. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, नांगरताना, विहीर खणताना, जुनी भिंत पाडताना साठा सापडला तर तो वाटायचा नाही आणि लपवायचा नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा गुप्त ठेवा सापडला की तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तहसीलला जायला लोक घाबरतात, हे मला ठाऊक आहे. "सरकार घेऊन जाईल, वर चौकशी लागेल" ही भीती खरी असते. म्हणून मी म्हणतो, एकट्याने जाऊ नका, सरपंचाला घ्या, शाळेच्या मास्तरला घ्या, नाणी मोजा, फोटो काढा, लेखी द्या.

हे एवढं का करायचं? तऱ्हाळ्याकडे परत पाहा. तीच नाणी चार सराफांत आणि दोन भंगारवाल्यांत वाटली गेली असती, तर काय झालं असतं? पोटीनला किलोमागे चार पैसे आले असते. एखादं नाणं कुणाच्या ताईतात गेलं असतं, बाकीची भट्टीत. सोळाशे नाणी एकत्र राहिली म्हणून कोणता राजा आधी, कोणता नंतर, कुणाची नाणी जास्त झिजलेली, कुणाची कोरी, हा विचार करता आला. एकत्र राहिली म्हणूनच कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी इतिहासात परत आले.

आमच्या धामणगावहून वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर फार लांब नाही. रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळे ते ओळखतात, तिथून पंढरपूरला पालखी जाते. १९६२ ते ६४ या काळात मोरेश्वर दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं आणि जमिनीखाली जुन्या वस्तीचे थर मोकळे केले. अचलपूरला इमादशाहीची राजधानी होती, मुघलांच्या काळात तिथे टांकसाळ चालली, नाण्यावर 'जर्ब एलिचपूर' असं फारसीत यायचं. हे दोन्ही वऱ्हाड. ज्या नदीचं पाणी आपण पितो तिच्याच काठावर हत्तीचं पोटीन चाललं, नंदीची चांदी चालली, एलिचपूरचा रुपया चालला. ते हातातून हातात देणारे कोण होते? कास्तकार, कोष्टी, तेली, सुतार, धनगर. त्यांच्यातल्या काहींच्या पुढच्या पिढ्यांनी पुढे कलिमा वाचला, काहींनी माळ घातली, काहींनी १९५६ साली बुद्धाला वंदन केलं. पूर्वज बदलून घेता येत नाहीत, आणि बदलायची गरजही नाही.

त्या मुलीला मी तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "बेटा, जिस मिट्टी से निकला, उस मिट्टी पे रहने वाले सबका है." त्यापुढचं सविस्तर उत्तर हे असं लांबलं. आपल्या घरातल्या पोरांना कलिम्याचं नाणं दाखवा, जरूर दाखवा. त्यासोबत तऱ्हाळ्याचा हत्ती आणि धामोरीचा नंदीही दाखवा. 'अमानत' हा शब्द आपल्याकडे फार जपून वापरतात: दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू, जी मोडायची नाही, बदलायची नाही, मागेल तेव्हा जशीच्या तशी परत द्यायची. दोन हजार वर्षांच्या अनोळखी माणसांनी वऱ्हाडच्या जमिनीत ठेवलेली ही अमानत आहे. ती मागायला येणारी माणसं अजून जन्मायची आहेत. तोवर ती सांभाळण्याचं काम आपल्यावर आहे, आणि त्यात जात-मजहब विचारला जात नाही.